अर्धा दगड कुठे गेला?

मी द्वारकेत राहतो. दिल्लीतल्या. गावाकडचे काही जण अजून विचारतात, रोज द्वारकाधीशाचं दर्शन होतं का म्हणून! आमच्या घरात दर्शन होतं ते एका फळीवरच्या ३१ दगडी गोळ्यांचं.

पहिला गोळा सूरजकुंडच्या मेळ्यात घेतला. लाल अकीक, ६ सेंटिमीटर व्यासाचा, खंभातचा. हा दगड गुजरातेत भरूच जिल्ह्यातल्या रतनपूर भागातून येतो. सह्याद्री ज्या लाव्हाचा झाला, त्याच लाव्हातल्या पोकळ्यांमध्ये सिलिका थरावर थर साचून अकीक होतो. म्हणजे आपल्या गारगोटीचा हा सख्खा नातेवाईक. खाणीतून निघतो तेव्हा बहुधा मळकट पिवळा असतो. मडक्यात घालून भाजला की त्यातल्या लोहामुळे लाल होतो. सिंधू संस्कृतीतले कारागीरही दगड असाच भाजत, आणि त्यांचे लाल मणी पार इराकमधल्या ऊरच्या थडग्यांत सापडलेत.

नव्या लोकांना दोनच सूचना. ‘चेरी क्वार्ट्झ’ म्हणून विकतात ती काच असते. आत गोल बुडबुडा दिसला की पुढच्या दुकानात जा. आणि पारदर्शक स्फटिकाचा गोळा उन्हात ठेवू नका. मी बाल्कनीत ठेवला होता. तो भिंगासारखं काम करतो. लाकडी बैठकीवर काळा डाग पडला, पडदा थोडक्यात वाचला.

आता ज्यासाठी आज बोलायला उभा राहिलो ते. मुलीला घनफळ शिकवत होतो. ६ सेंटिमीटरचा घन २१६ घन सेंटिमीटर. त्यात मावणारा गोळा ११३. मी फळीकडे बघितलं. माझा गोळा भरतो सुमारे ३०० ग्रॅम, आणि तो काढताना जवळजवळ तेवढाच दगड झिजलेला. ठोकळा आधीच थोडा गोल असेल तर कमी, पण झिजलेलाच. तो गेला कुठे?

काही तुकडे होऊन पडला. उरलेल्याची धूळ झाली. गोळा शेवटी दोन वाट्यांमध्ये फिरवतात, तिथे पाणी असतं. त्याआधी कोपरे मारायला तो फिरत्या चाकावर धरतात, आणि ते काम खंभातच्या आसपास कित्येक घरांत कोरडंच होत आलंय. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसते. तिथे वण धरतात, श्वास आखडतो. त्याला सिलिकोसिस म्हणतात. बरा करणारं औषध नाही, शिवाय क्षय जडण्याचा धोका वाढतो. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. चाक घराच्या ओसरीवर असतं, त्यामुळे ज्यांनी कधी दगड हातात धरला नाही अशा घरच्यांना, शेजाऱ्यांनाही हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत.

मग मी विकणाऱ्यांना विचारायला लागलो, “भैया, घिसाई पानी में हुई या सूखी?” बहुतेक जण रंगाबद्दल बोलतात, ग्रहांबद्दल बोलतात. गेल्या मेळ्यात एका म्हाताऱ्या विक्रेत्याने मात्र माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाला, “साहब, बीस साल में पहली बार किसी ने पूछा.” आणि गोळा हातात देण्याआधी बराच वेळ खोकत राहिला.

बत्तिसावा गोळा मी अजून घेतलेला नाही.