फरदडीचा मोह सोडू, बोंडअळीला रोखू



बाहेरून हिरवेगार, टणक दिसणारे बोंड फोडावे आणि आत कवडी झालेला कापूस व सरकीत शिरलेली गुलाबी अळी निघावी, हा अनुभव २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातल्या असंख्य शेतकऱ्यांनी घेतला. हीच ती शेंदरी बोंडअळी.

बीटी कपाशी आपल्याकडे २००२ साली आली, दोन जनुकांचे बियाणे २००६ साली आले. हिरव्या बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या. आपण निर्धास्त झालो. बियाण्याबरोबर मिळणारे बिगरबीटीचे बी कडेने लावायचे आपण टाळले आणि पीक लांबवत राहिलो. वर्षानुवर्षे तेच विष खाऊन शेंदरी अळीने ते पचवले.

मग फवारणी का पुरत नाही? या किडीचा पतंग पात्या, फुले आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी लगेच आत शिरते आणि बोंडावरचे छिद्र बुजून जाते. मग वरून कितीही औषध मारा, ते तिच्यापर्यंत पोचत नाही. उलट २०१७ सालीच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. म्हणून दोन-तीन औषधे एकत्र करून मारू नका आणि तोंडाला फडके, हातमोजे, अंगभर कपडे यांशिवाय पंप पाठीवर घेऊ नका.

या अळीचे खरे बळ फरदडीत आहे. डिसेंबरनंतर कपाशीला पाणी देऊन आणखी एक-दोन वेचे घेतले, की अळीला खाणे मिळत राहते. थंडीत ती सरकीत, किडक्या बोंडांत, बांधावर रचलेल्या पऱ्हाटीत सुप्तावस्थेत पडून राहते आणि पावसाळ्याच्या तोंडाला पतंग होऊन बाहेर पडते. तेव्हा कुणाच्या शेतात मे महिन्यात लावलेली कपाशी फुलावर आलेली असेल, तर तिचे आयतेच फावते. लागवड जूनमध्ये पुरेसा पाऊस झाल्यावर केली, तर सुरुवातीचे बरेच पतंग फुलांअभावी मरून जातात.

लागवडीनंतर दीड महिन्याने एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, किंवा एकरातून तोडलेल्या वीस हिरव्या बोंडांपैकी दोन किडकी निघाली, तरच शिफारशीचे कीटकनाशक फवारा. त्याआधी पाच टक्के निंबोळी अर्क वापरा. न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली फुले, म्हणजे डोमकळ्या, तोडून अळीसह नष्ट करा. शेवटचा वेचा झाला की शेळ्या-मेंढ्या रानात सोडा. पऱ्हाटी उपटून तिचा भुगा करा. सरपणासाठी ढीग रचून ठेवू नका.

फरदडीतून उन्हाळ्याच्या तोंडाला चार पैसे हाती येतात, आणि त्याच वेळी घरात पैशाची नड असते, हे मला ठाऊक आहे. म्हणून ‘फरदड घेऊ नका’ हे सांगणे सोपे आणि ऐकणे अवघड. पण त्या चार पैशांची परतफेड पुढच्या हंगामातल्या पहिल्याच वेच्यात करावी लागते. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी रान मोकळे करून उन्हाळी तीळ किंवा भुईमूग घ्यावा.

आणि एक गोष्ट. पतंगाला बांध कळत नाही. एकाने पऱ्हाटी उपटली आणि शेजाऱ्याने फरदड ठेवली, तर दोघांचेही नुकसान ठरलेले. तेव्हा डिसेंबर संपायच्या आत गावाने एकत्र बसून एकच तारीख ठरवावी, आणि त्या तारखेनंतर शिवारात कपाशीचे एकही झाड उभे राहू देऊ नये.