‘ती चालली नाही’ असं कोण म्हणतं?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या अभ्यास शिबिरात दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)



विषय फुटबॉलचा आहे म्हटल्यावर काही जणींनी एकमेकींकडे पाहिलं. पाहा खुशाल! गोल कसा मारतात हे मला सांगायचं नाही, मला ते येतही नाही. एखाद्या बाईला कामावरून काढलं की लोक तिच्या कर्तबगारीचं मोजमाप कसं करतात, याबद्दल बोलायचं आहे. हे मोजमाप गिरणीत होतं, शाळेत होतं, ऑफिसात होतं. पण खेळात ते चव्हाट्यावर होतं, आकड्यांनिशी होतं, म्हणून तिथलं उदाहरण घेते.

अमेरिकेत २०१३ साली नॅशनल विमेन्स सॉकर लीग सुरू झाली. बायकांची व्यावसायिक लीग. त्याआधीच्या दोन लीग बंद पडल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांनाच धास्ती होती की हीही बुडेल. राष्ट्रीय संघातल्या नामांकित खेळाडूंचा पगार देशाचं फुटबॉल फेडरेशन द्यायचं. बाकीच्यांना किमान पगार किती? अख्ख्या हंगामाचे सहा हजार डॉलर. तिकडच्या मानाने यात घरभाडंही भागत नाही. म्हणून कितीतरी जणी गावातल्या यजमान कुटुंबांकडे राहायच्या. या बाकीच्या म्हणजे काठावरच्या खेळाडू. कधी अकरा जणींत, कधी बाकावर, कधी बाकावरही नाही. त्यांना कधीही कमी करता यायचं, नाहीतर न विचारता दुसऱ्या शहरातल्या क्लबला देऊन टाकता यायचं.

अशा खेळाडूचं नाव यादीतून गेलं की चाहते हिशेबाला बसतात. किती सामने, किती मिनिटं, किती गोल? मग निकाल लागतो : सुरुवात चांगली होती पण पुढे चालली नाही, तिची झेप तेवढीच होती. यात दुष्टावा नसतो बरं का. बहुतेक वेळा प्रेमच असतं. पण हिशेब कोणत्या वहीवरून चाललाय, हे कोणी बघत नाही. खेळाडू मैदानावर किती मिनिटं राहील हे ती ठरवत नाही, प्रशिक्षक ठरवतो. म्हणजे वहीतला आकडा तिच्या कुवतीचा जितका, तितकाच त्याच्या मर्जीचा.

आता माना शिमचं पाहा. पोर्टलँड थॉर्न्स या क्लबकडून ती २०१३ पासून खेळली आणि पहिल्याच वर्षी क्लब अजिंक्य ठरला. २०१४ मध्ये पॉल रायली प्रशिक्षक म्हणून आला. पुढच्या वर्षी शिमला खेळायला मिळणारा वेळ घटत गेला. आपण त्याला नकार दिल्यानंतर हे घडलं, असं तिचं म्हणणं. सप्टेंबर २०१५ मध्ये तिने क्लबकडे लेखी तक्रार केली. चौकशी झाली, काही दिवसांत संपली आणि रायलीला पुढचा करार मिळाला नाही. पण लोकांना काय सांगितलं? त्याच्याशी करार वाढवत नाही, आणि त्याच्या कामाबद्दल आभार. त्या वर्षी संघ बाद फेरीतही पोचला नव्हता, त्यामुळे चाहत्यांनी साहजिकच समजून घेतलं की अपयशामुळे तो गेला.

काही महिन्यांत त्याला त्याच लीगमधल्या दुसऱ्या क्लबने घेतलं. २०१६ मध्ये त्या क्लबला त्याने विजेतेपद मिळवून दिलं. तोच क्लब नॉर्थ कॅरोलिनाला गेल्यावर २०१८ आणि २०१९ मध्ये पुन्हा. वही उघडून बघा. त्याच्या नावावर तीन विजेतेपदं. शिमच्या नावावर घटत गेलेली मिनिटं आणि तिशीच्या आत संपलेली कारकीर्द. कोण चाललं आणि कोण चाललं नाही?

दुसरी शिनेड फॅरेली. २०११ साली नव्या मुलींच्या निवडीत अख्ख्या देशातून तिचा नंबर दुसरा होता. फिलाडेल्फियात रायली तिचा प्रशिक्षक. लीग बंद पडली, ती न्यूयॉर्कच्या संघात गेली, तिथेही तोच. मग पोर्टलँड, तिथेही तोच. त्याने आपल्याला लैंगिक संबंधांना भाग पाडलं, असं तिने पुढे सांगितलं. २०१६ मध्ये तिने खेळणं सोडलं. मोटार अपघातात तिला दुखापत झाली होती, तेव्हा लोकांपुढे कारण तयारच होतं. मधल्या फळीतली एक गुणी मुलगी, दुर्दैवी, विसरून जा.

३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘द अ‍ॅथलेटिक’ने या दोघींची हकिगत नावानिशी छापली. रायलीने बहुतेक आरोप नाकारले, पण त्याच दिवशी त्याला काढण्यात आलं. त्याआधी त्या वर्षी दोघींनी लीगच्या आयुक्तांना पुन्हा चौकशी करा म्हणून कळवलं होतं. उत्तर आलं की २०१५ ची चौकशी पूर्ण झालेली आहे. आयुक्त बाईच होत्या, हेही लक्षात ठेवू या. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला.

याच वर्षी काया मॅकुला या मुलीनेही तोंड उघडलं. हिला तर काठावरचीही म्हणता येणार नाही, इतकी ती नवी होती. २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या क्लबने चौथ्या फेरीत निवडलं आणि त्याच वर्षी ती क्लबबाहेर पडली. प्रशिक्षकाची शिवीगाळ आणि वर्णद्वेषी बोलणं असह्य झालं, असं तिने ‘वॉशिंग्टन पोस्ट’ला सांगितलं. क्लबने मात्र प्रशिक्षक रिची बर्क प्रकृतीच्या कारणाने पद सोडत असल्याचं जाहीर केलं होतं. बायकांना काढताना ‘खेळ कमी पडला’ आणि पुरुषाला हलवताना ‘प्रकृती’!

एक शंका तुमच्या मनात असेल, ती रास्त आहे. कमी केलेल्या प्रत्येक खेळाडूमागे असं काही असतं का? नाही. जागा थोड्या आणि मुली पुष्कळ. बहुतेक जणी खरोखरच त्यामुळे जातात. प्रत्येकीला अत्याचाराची बळी ठरवणं हाही तिच्या खेळाचा अपमान आहे. माझं म्हणणं एवढंच की बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. म्हणून निकाल देण्याची घाई नको. आणि आणखी एक. काढून टाकलेली बोलली की ‘काढलं म्हणून बोलतेय’ असं म्हणतात. अहो, आत असताना बोलायची सोय असती तर ती बोलली नसती का? शिम आत असताना बोललीच होती. झाकलं कोणी?

चाहत्यांनाच दोष देऊन मला थांबायचं नाही, कारण पुढे त्यांनीच बरंच केलं. पोर्टलँडच्या चाहत्यांच्या संघटनेचं नाव रोझ सिटी रिव्हेटर्स. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यात रिव्हेट मारणाऱ्या रोझीचं चित्र तुम्ही पाहिलं असेल, तिच्यावरून हे नाव. ६ ऑक्टोबर २०२१ च्या सामन्यांत सहाव्या मिनिटाला दोन्ही संघांच्या खेळाडू खेळ थांबवून मध्यावर एकत्र उभ्या राहिल्या. सहा वर्षं ऐकलं गेलं नाही, म्हणून सहावं मिनिट. पोर्टलँडचे चाहते खेळाडूंसाठी मैदानावर येत राहिले, पण तिथल्या दुकानांतून खाणंपिणं आणि टी-शर्ट घ्यायचं बंद केलं, म्हणजे पैसा मालकाच्या खिशात जाऊ नये. बहिष्कार कुठे घालायचा आणि कुठे नाही, याची ही समज आपण शिकण्यासारखी आहे.

सॅली येट्स यांच्या चौकशीत दोनशेहून जास्त लोकांशी बोलणं झालं. ऑक्टोबर २०२२ च्या अहवालात त्यांनी म्हटलं की छळ एकदुकट माणसाचा नाही, व्यवस्थेतच मुरलेला आहे. जानेवारी २०२३ मध्ये रायली आणि बर्क धरून चार प्रशिक्षकांवर आजन्म बंदी आली. फॅरेली त्याच वर्षी पुन्हा मैदानात उतरली आणि तेहेतिसाव्या वर्षी आयर्लंडकडून विश्वचषक खेळली. सात वर्षं वहीत तिचं पान मिटलेलं होतं. शिमला ती वर्षं मिळाली नाहीत.

पण मला बंदीपेक्षा २०२४ चा करार महत्त्वाचा वाटतो. खेळाडूंच्या युनियनने तो मिळवला. नव्या मुलींची वाटणी करणारी निवडपद्धत रद्द झाली, संमतीशिवाय दुसऱ्या क्लबला देता येत नाही, करारातल्या पगाराची हमी मिळाली. म्हणजे काढून टाकण्याची धमकीच बोथट झाली. काठावरच्या बाईला धीर द्यायचा तर असा.

आपल्याकडे काय आहे? २०२२ मध्ये आपल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या संघाच्या युरोप दौऱ्यातून एका सहायक प्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनावरून परत पाठवून काढावं लागलं. मार्च २०२४ मध्ये गोव्यात स्पर्धेला आलेल्या हिमाचलच्या संघातल्या दोघींनी फेडरेशनच्या पदाधिकाऱ्याने मारहाण केल्याची तक्रार केली. हातात हत्यार म्हणाल तर २०१३ चा कायदा आहे. त्यात क्रीडासंस्था, स्टेडियम, स्पर्धेचं ठिकाण हे सगळं ‘कामाची जागा’ म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. तक्रार करणारी तिथे नोकरीत असली पाहिजे, अशीही अट नाही. म्हणजे काढलेली मुलगीसुद्धा तक्रार करू शकते. पण कलम नऊ बघा. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, आणि समितीला पटलं तर आणखी तीन महिने. शिम आणि फॅरेलीला लोकांनी ऐकायला सहा वर्षं लागली होती.

त्या कलमाची प्रत मी आणली आहे. चहा झाला की ती वाचू. तुमच्यापैकी ज्यांच्या तालुक्यात मुलींचे कबड्डीचे, खो-खोचे संघ आहेत, त्यांनी पुढे बसा. संघातून मुलगी कमी केली तर कारण लेखी देतात का, देत असतील तर कोणाच्या सहीने, हे त्यांच्याकडून आधी ऐकायचं आहे.