तालमीची जागा



मुंबईत एखादं नाट्यगृह बंद झालं की त्याची बातमी होते, आणि ती व्हायलाच हवी. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ सालचं. २०२३ च्या नोव्हेंबरात ते पुनर्विकासासाठी बंद झालं, तेव्हा नटांनी, हौशी संस्थांनी, कोकणातल्या लोककलावंतांनी जाब विचारला: नवं नाट्यगृह केवढं असेल, कुठे असेल, आमच्या खिशाला परवडेल का? हे प्रश्न रास्तच होते. पण तालमीची जागा जाते तेव्हा कुणी विचारायला येत नाही. ती जागा कुणाच्या नावावर नसते, तिच्या दारावर पाटी नसते. चाळीचा सज्जा, गच्ची, रात्री उघडून दिलेला शाळेचा एखादा वर्ग, व्यायामशाळेमागची पडवी, एवढंच तिचं रूप. लालबाग-परळ-शिवडीच्या माणसांनी चारचौघांत उभं राहून बोलायचं, दुसऱ्याचं ऐकायचं आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब द्यायचा, हे सगळं अशा जागांत शिकून घेतलं, असं मी मानतो. म्हणून आज तिच्याविषयी बोलणार आहे.

दामोदर ज्या आवारात उभं राहिलं, ते आवार सोशल सर्व्हिस लीगचं. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली ही संस्था काढली. कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवणारी संस्था नाट्यगृहही बांधते, याचं तेव्हा कुणाला नवल वाटलं नसावं. हेच जोशी १९२० साली आयटक या देशातल्या पहिल्या मध्यवर्ती कामगार संघटनेच्या स्थापनेत होते. रात्रशाळा, संघटना आणि रंगमंच ही त्यांच्या लेखी तीन वेगळी कामं नव्हती. ज्या माणसाचा सगळा दिवस गिरणीच्या भोंग्याच्या हुकमात जातो, त्याला स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या आवाजात काही करता आलं पाहिजे, हा त्यामागचा विचार मला दिसतो.

आता लालबाग-परळच्या या गिरणगावातलं एखादं नाटक कसं उभं राहत असे ते पाहा. आधी मंडळ. मंडळ म्हटलं की अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आले. पावतीपुस्तक आलं, वर्गणी आली. स्मरणिका काढायची तर वाण्याची, शिंप्याची, खानावळीची जाहिरात मिळवायला दारोदार जायचं. तालमीची वेळ चाळीच्या दारातल्या फळ्यावर खडूनं लिहायची. मग नकला उतरवायच्या, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याची भाषणं वेगळ्या वहीत लिहून काढायची. ज्याला वाचता येत नसे तो दुसऱ्याकडून ऐकून ऐकून पाठ करी. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे पाळ्या जुळवणं. पहिली पाळी सुटायची दुपारी साडेतीनच्या सुमाराला, दुसरी मध्यरात्री. नायक पहिल्या पाळीला आणि खलनायक दुसऱ्या पाळीला असला, तर दोघांची समोरासमोर गाठ पडायची ती मध्यरात्रीनंतर, नाहीतर सुटीच्या दिवशी. खाली लोक झोपलेले, म्हणून दबक्या आवाजात भांडणाचा प्रवेश करायचा.

या सगळ्यात माणसं नाटकापलीकडचं बरंच काही शिकत होती. खात्यात जॉबरपुढे, म्हणजे मुकादमापुढे, मान खाली घालून उभा राहणारा बदली कामगार इथे दिग्दर्शक असला, तर त्याच जॉबरला तो म्हणू शकत होता, ‘हे वाक्य पुन्हा घ्या.’ आणि जॉबर ते घेई. प्रयोगानंतर तूट आली, तर खजिनदाराला भर सभेत उभं राहून ती सांगावी लागे. मतभेद होत, मंडळं फुटत, नवी मंडळं निघत. पण फुटलेल्या मंडळालाही पुन्हा चिटणीस लागे, पुन्हा पावतीपुस्तक छापावं लागे. संप पुकारला गेला की हीच माणसं संपाच्या समित्यांत दिसत. पत्रक लिहिणं, धान्य गोळा करणं, सभेला गर्दी जमवणं, हे सारं त्यांच्या हातवळणीचं झालेलं होतं.

शाहिरांनी तर हे दोन्ही प्रवाह एकत्रच आणले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णा भाऊ सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे, अमर शेख बार्शीचे. दोघांनीही गिरणी आतून पाहिलेली. तमाशाचा गण, गवळण, बतावणी, वग हा साचा अण्णा भाऊंच्या चांगला परिचयाचा होता. त्यांनी गणातली गणपतीची स्तुती काढून तिथे कष्टकऱ्यांना वंदन आणलं, गवळण वगळली आणि वगात गिरणीमालक, सावकार, पुढारी उभे केले. ‘अकलेची गोष्ट’, ‘माझी मुंबई’ ही लोकनाट्यं कामगार वस्त्यांत झाली. सरकारला त्यांची धास्ती वाटली आणि बंदी आली. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांचा आवाज सभेच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचत असे आणि पुढाऱ्याचं भाषण सुरू होण्याआधीच माणसं तयार झालेली असत. १ मे १९६० ला राज्य मिळालं, त्यात डफाचा आणि तुणतुण्याचा वाटा आहे, हे मी भाबडेपणानं म्हणत नाही.

याच वस्तीत कोकणानं आपला मुलूख आणून ठेवला होता. एकेका गावाची खोली असे, तिला गावकऱ्यांची खोली म्हणत. तिथे वळकट्या, ट्रंका आणि कोपऱ्यात पखवाज. रत्नागिरीकडच्या मंडळांचा शक्ती-तुरा: शाहीर मधोमध, नाचे भोवती गोलात, पायात चाळ, आणि एका पक्षानं घातलेल्या कोड्याला दुसऱ्या पक्षानं उत्तर द्यायचं. सिंधुदुर्गाकडच्यांची डबलबारी भजनं, दोन बुवा आमनेसामने, अभंग आणि गौळण झाली की गजराला सगळी चाळ टाळ्या धरते. नमन-खेळे, दशावतार. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, नट संवाद जागच्या जागी रचतो. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ याच मातीतून वर आलं, १९८० साली मच्छिंद्र कांबळींनी ते रंगमंचावर आणलं आणि पाच हजारांवर प्रयोग झाले. गावात नाटक बसवताना होणारी धांदल हाच त्या नाटकाचा विषय आहे. त्यातली तालीम पाहून प्रेक्षक मनापासून हसले, कारण तसली तालीम प्रत्येकानं पाहिलेली होती.

पण मी या जगाचं नुसतं गुणगान करायला बसलेलो नाही. मध्यरात्रीच्या तालमीला बाई कुठून येणार? स्त्रीच्या भूमिका बराच काळ पुरुषच करत. ज्या बायका खानावळी चालवून दहा-पंधरा गिरणी कामगारांना जेवू घालत, त्यांना स्वतःची संघटना मिळायला १९७५ साल उजाडावं लागलं; प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा. आणि जात? साचेखात्यात धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. तेवढ्या कारणावरून दलित कामगारांना त्या खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या कामावर, घेत नसत. गिरणीत जी भिंत होती ती वस्तीतही होती. म्हणून आंबेडकरी जलशांनी आपला रंगमंच वेगळा घातला. भीमराव कर्डकांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत नेला. वामनदादा कर्डक तर मुंबईत राहत असताना प्रौढ वयात अक्षरं शिकले आणि त्यानंतर त्यांनी हजारो गाणी लिहिली. गिरणगावाची कला म्हणताना या जलशांना तळटीपेत टाकणारे लोक अजूनही आहेत. मला ते मान्य नाही. नागरिक म्हणजे काय, हा प्रश्न सर्वांत थेट विचारला तो या जलशांनीच.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. कामगार गावी गेले, डोंबिवली-विरारला गेले, मिळेल त्या कामाला लागले. पुढे काय झालं ते ‘अधांतर’ या नाटकात जयंत पवारांनी असं मांडलं आहे की मी त्यात भर घालायची गरज नाही. गिरण्यांच्या जमिनीचं काय करायचं यासाठी १९९१ साली नियम झाला होता: एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम ठेवली. लोकांच्या वाट्याची जागा किती आक्रसली हे कुणीही लोअर परळला उतरून पाहावं.

आता चाळीही जात आहेत. त्या जाव्यात. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत आणि सामाईक संडासात कुणाची पिढी वाढू नये. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ ला पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा मला आनंदच झाला. पण सज्ज्याच्या जागी लिफ्टसमोरचा बोळ आला. तिथे कुणी थांबलं की रखवालदार विचारतो, कुठे जायचंय? गच्चीला कुलूप असतं. तळमजल्यावर सभागृह असलंच तर ते लग्नासाठी आणि बारशासाठी, आणि त्याचं एका संध्याकाळचं भाडं एका हौशी नाटकाच्या सगळ्या खर्चाएवढं. मंडळात मुलं आजही येतात. कामगार कल्याण केंद्राच्या नाट्यस्पर्धा आहेत, १९५४ पासून चालत आलेली राज्य नाट्य स्पर्धा आहे, एकांकिका आहेत. मुलं जोगेश्वरीहून, कळव्याहून येतात, ऑफिस सुटल्यावर, आणि मग दोन तास उभं राहायला जागा शोधत फिरतात.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम योग्य आहे. आजारी माणसाला आणि परीक्षेच्या पोराला झोप हवी. पण तालमीला ध्वनिक्षेपक लागतच नाही. तिला लागते ती वीस पावलांची रिकामी जमीन, दोन दिवे, एक पंखा आणि आत बसून बघणाऱ्याला हाकलणार नाही असा कुणीतरी माणूस. महापालिकेच्या शाळा संध्याकाळनंतर रिकाम्या असतात. वर्गातले बाक भिंतीला लावले की जागा होते. पूर्वी अशा खोल्या मिळत. आज त्यासाठी अर्ज कुठे करायचा हेच कळत नाही. प्रत्येक प्रभागात निदान दोन शाळा आठवड्यातले चार दिवस तालमीला खुल्या ठेवल्या, तर मोठा खर्च कुणालाच येणार नाही.

आणि एक काम तुमच्या-माझ्या हातात आहे. नव्या इमारतीत राहायला गेलेले माझे अनेक श्रोते येत्या वर्षात सोसायटीच्या पहिल्या सर्वसाधारण सभेला बसतील. गाड्या कुठे लावायच्या, पाणी किती वाजता सोडायचं, यावर तासन्‌तास चर्चा होईल. त्या विषयपत्रिकेत एक विषय घालायला सांगा: तळमजल्याचं सभागृह संध्याकाळी सात ते दहा तालमीला द्यायचं. भजनाला, एकांकिकेला, बायकांच्या मंगळागौरीच्या सरावाला, भीमजयंतीच्या गाण्यांना, ज्याला लागेल त्याला, नाव नोंदवून, आळीपाळीनं. चावी कुणाकडे राहील ते सभेतच ठरवा, दारात एक फळा लावा, आणि भाडं किती ठेवायचं ते ठरवताना ज्यांना ती खोली लागणार आहे त्या पोरांनाही सभेत बोलायला उभं करा.