रस्ता कुणाला विचारून आखायचा?

पुण्यात दोन माणसं भेटली की निघतो तोच आजचा विषय: वाहतूक. पण कोंडीचं रडगाणं आज नको. रस्त्याचा आराखडा ठरताना लोकांना कधी विचारतात आणि कुणाला विचारतात, एवढंच बोलायचंय.

विचारतच नाहीत, असं नाही बरं का. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. 2013 मध्ये शहराच्या जुन्या हद्दीचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा 80 हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. लोकांना काही पडलेली नाही, असं म्हणायची सोयच उरली नाही! पण हरकत घ्यायची ती नकाशावर रेघ मारून झाल्यावर. ‘इथे तुमची अडचण काय?’ हा प्रश्न त्याआधीचा असतो.

त्याचीही थोडी सोय आहे. 2006 पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवता येतात. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा: पदपथ दुरुस्त करा, दिवे लावा, बसथांब्याला छप्पर घाला. एकेक काम पाच लाखांपर्यंतचं. उपयोगी आहेच. पण या रस्त्यावर बसला वेगळी मार्गिका हवी का, हे त्या अर्जात मावत नाही.

आता, कुणाला विचारायचं? नगर रस्त्यावरची बीआरटी 2016 मध्ये सुरू झाली आणि 2023 मध्ये येरवडा ते विमाननगर पट्ट्यात ती काढायला घेतली. कोंडीची तक्रार खोटी नव्हती. भर रस्त्यातल्या थांब्यापर्यंत पोचणं अवघड होतं, हेही खरं. पण कोंडीत अडकलेला गाडीवाला तिथूनच फोटो टाकतो, फोन लावतो. वाघोलीहून दोन बस बदलून घरकामाला येणाऱ्या ताईंना तेवढी सवड कुठली? मार्गिकेमुळे त्यांची दहा मिनिटं वाचत होती की नाही, हे त्यांच्याकडूनच कळणार ना?

एक चांगलं उदाहरण सांगतो. 11 डिसेंबर 2021 ला, पादचारी दिनी, लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा दिवसभर वाहनांना बंद ठेवला होता. दुकानदार, गिऱ्हाईक, आजी-आजोबा, सगळ्यांना मोकळा रस्ता प्रत्यक्ष दिसला. नकाशा सगळ्यांना वाचता येत नाही, पण रस्त्यावर चालून मत सगळ्यांनाच देता येतं.

म्हणून माझ्या तीन मागण्या. आराखडा कागदावर यायच्या आधी विचारा. बसमध्ये, थांब्यावर, शाळा सुटताना जाऊन विचारा. सुनावणी कामाच्या दिवशी दुपारी ठेवलीत तर रोजंदारीवरचा माणूस येणार कसा? आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: उत्तर द्या. सूचना घेतली की नाही, नसेल तर का नाही, हे जाहीर लिहा. ‘नाही’ ऐकलं तरी माणूस पुन्हा येतो. काहीच कळलं नाही तर येत नाही.

आपलंही काम आहेच. तुमच्या थांब्यावर रोज भेटणाऱ्या दोघा-तिघांना घेऊन या वेळी एक अर्ज नक्की करा. गाडीवाल्यांचं म्हणणं पोचतंच. बसवाल्यांचंही पोचू दे. भेटू पुढच्या भागात.