हार्वर्डनें न दिलेली पदवी

इ. स. १८९० च्या शरदऋतूंत अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत विल्यम् जेम्स यांचा मानसशास्त्राचा एक वर्ग सुरू झाला. त्यांत चार तरुण गृहस्थ होते आणि एक बाई. थोड्याच आठवड्यांत ते चौघे गृहस्थ गळाले. बाई मात्र राहिल्या. मग ग्रंथालयांतील शेकोटीच्या एका बाजूस जेम्स आणि दुसऱ्या बाजूस या बाई, असा तो वर्ग चालूं लागला. जेम्स यांचा मानसशास्त्राच्या तत्त्वांवरील दोन खंडांचा ग्रंथ त्याच वर्षीं प्रसिद्ध झाला होता. तो नवा कोरा ग्रंथ खुद्द ग्रंथकाराच्या तोंडून समजावून घेण्याचें भाग्य किती जणांच्या वांट्याला आलें असेल! परंतु जिला हें भाग्य लाभलें, तिचें नांव विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या यादींत नव्हतें.

या बाईंचें नांव मेरी व्हिटन कॉल्किन्स. त्यांचा जन्म १८६३ चा. वडील धर्मोपदेशक, मुलीच्या शिक्षणाची आंखणी त्यांनीं जातीनें केली होती. स्मिथ कॉलेजची पदवी घेऊन बाई १८८७ पासून बोस्टननजीकच्या वेलस्ली या स्त्रियांच्या कॉलेजांत ग्रीक भाषा शिकवूं लागल्या. पुढें तेथें मानसशास्त्राचा विषय सुरू करावयाचें ठरलें; पण शिकविणारें माणूस आणावें कोठून? लाइप्सिग येथील वुंट यांच्या ज्या प्रयोगशाळेपासून या नव्या शास्त्राचें वय मोजतात, ती १८७९ ची. म्हणजे शास्त्रच मुळीं अकरा वर्षांचें. तेव्हां चालकांनीं आपल्या ग्रीकच्या शिक्षिकेलाच हातीं धरलें आणि अट घातली, कीं आधीं एक वर्ष हा विषय शिकून या.

शिकावयाचें कोठें, हा प्रश्न त्या काळीं बाईमाणसाला सोपा नव्हता. एका विद्यापीठाचें दार बंद, तर दुसऱ्याचें उघडें, असा सारा प्रकार होता. मार्गारेट वॉशबर्न या दुसऱ्या एका विदुषीला कोलंबिया विद्यापीठांत कॅटेल यांच्यापाशीं शिकावयाचें होतें. पण तेथें स्त्रियांना वरच्या पदवीसाठीं घेत नसत, म्हणून कॅटेल यांच्याच सल्ल्यानें त्या कॉर्नेलला गेल्या आणि १८९४ सालीं मानसशास्त्रांतील डॉक्टरेट मिळविणारी पहिली स्त्री ठरल्या. कॉल्किन्सबाईंनींही ठिकठिकाणीं पत्रें घालून चौकशी केली. पण नोकरी वेलस्लीस, घर जवळच न्यूटनला, आणि हार्वर्ड तर हाकेच्या अंतरावर. शिवाय तेथें जेम्स आणि रॉइस यांच्यासारखे गुरु. अमेरिकेंत आजही मानसशास्त्राच्या डॉक्टरेटसाठीं अर्ज करणारा विद्यार्थी आधीं गुरु हेरतो, त्याला पत्र घालतो, शिफारसपत्रें जमवितो आणि मग अर्ज धाडतो. बाईंनीं नेमकें हेंच केलें, आणि दोघेही गुरु राजी झाले. राजी नव्हतें तें विद्यापीठ.

विद्यापीठाचे अध्यक्ष एलियट यांनीं प्रथम साफ नकार दिला. जेम्स यांना तो फार झोंबला. मग वडिलांनीं विद्यापीठाच्या नियामक मंडळाकडे रीतसर अर्ज केला आणि वेलस्लीच्या अध्यक्षांनीं त्याला आपलें पत्र जोडलें. १ ऑक्टोबर १८९० रोजीं मंडळानें परवानगी दिली. पण ती देतांना असें नमूद करून ठेवलें, कीं या बाई वर्गांत बसल्या तरी त्यामुळें त्या विद्यापीठाच्या विद्यार्थिनी ठरत नाहींत. घरांत या, बसा, पण तुम्ही आमच्याकडे आलांच नाहीं असें समजा, असा हा पाहुणचार!

बाईंनीं तोही पदरांत घेतला. त्याच काळांत वूस्टर येथील क्लार्क विद्यापीठाचे सॅनफर्ड यांच्याकडे त्यांनीं प्रयोगाचें शिक्षण घेतलें. दोघांनीं मिळून स्वप्नांचा हिशेब मांडला. रात्रीं वेगवेगळ्या वेळांस गजराचें घड्याळ लावून उठावयाचें आणि स्वप्न तत्क्षणीं टिपून ठेवावयाचें, असा क्रम कित्येक आठवडे चालला. बाईंचीं स्वप्नें २०५ भरलीं, सॅनफर्ड यांचीं १७०. यांतून निघालेला निबंध पुढें खुद्द फ्रॉइड यांनीं आपल्या ग्रंथांत उल्लेखिला. १८९१ मध्यें बाईंनीं वेलस्लीस प्रयोगशाळा उघडली. स्त्रियांच्या कॉलेजांतील ही पहिली मानसशास्त्रीय प्रयोगशाळा.

यानंतर जर्मनीहून म्युन्स्टरबर्ग हार्वर्डला आले आणि बाई त्यांच्या प्रयोगशाळेंत काम करूं लागल्या. विषय होता साहचर्याचा, म्हणजे एका गोष्टीमुळें दुसरी कशी आठवते याचा. बाईंची युक्ति साधी होती. एक रंग दाखवावयाचा आणि लगेच एक आंकडा. मग दुसरा रंग, दुसरा आंकडा. अशी मालिका संपली म्हणजे केवळ रंग दाखवून आंकडा विचारावयाचा. कांहीं जोड्या पुन्हां पुन्हां येत, कांहीं अगदीं शेवटीं येत, कांहींत आंकडा मुद्दाम ठळक असे. यांपैकीं स्मरणाला सर्वांत अधिक बळ कशाचें? बाईंना आढळलें तें वारंवारतेचें. पाढे पाठ करणाऱ्या पोरांना हें ठाऊकच असतें. पण ठाऊक असणें वेगळें आणि मोजून दाखविणें वेगळें. जोड्यांची ही पद्धत स्मृतीच्या अभ्यासांत आजही वापरतात.

१८९४ च्या ऑक्टोबरांत म्युन्स्टरबर्ग यांनीं मंडळाला विनंति केली, कीं बाईंना डॉक्टरेटच्या उमेदवार म्हणून घ्यावें. उत्तर नकाराचें आलें. तरीही १८९५ च्या मे महिन्यांत जेम्स, रॉइस, म्युन्स्टरबर्ग प्रभृति अध्यापकांनीं बाईंची रीतसर परीक्षा घेतली. ती इतकी सरस झाली, कीं हार्वर्डमध्यें डॉक्टरेटची इतकी तेजस्वी परीक्षा आजवर झाली नव्हती, असा अभिप्राय जेम्स यांनीं दिला. अध्यापकांनीं एकमुखानें पात्रता कळविली. मंडळ मात्र ढळलें नाहीं.

सात वर्षें गेलीं. हार्वर्डचेच अध्यापक स्त्रियांना जेथें शिकवीत, तें रॅडक्लिफ कॉलेज १८९४ मध्यें स्वतःची पदवी देण्यास समर्थ झालें होतें. १९०२ सालीं त्यानें हार्वर्डमध्यें काम पुरें केलेल्या चार स्त्रियांना आपली डॉक्टरेट देऊं केली. तिघींनीं ती घेतली, आणि त्यांत दोष काढण्याजोगें कांहीं नाहीं. म्युन्स्टरबर्ग यांनीं कॉल्किन्सबाईंनाही आग्रह केला. बाईंनीं नाहीं म्हटलें. आपण रॅडक्लिफमध्यें शिकलों नाहीं, काम सारें हार्वर्डच्या वर्गांत आणि प्रयोगशाळेंत झालें, हें एक कारण. आणि ही पदवी घेतली तर हार्वर्डला स्त्रियांना निराळ्या दारानें धाडण्याची सोय कायमची होईल, हें दुसरें. त्या भोळ्या नव्हत्या. पदवी नसल्यामुळें आपली अडचण होते, आणि आतां हार्वर्डचें दार स्त्रियांना बहुधा उघडणार नाहीं, हेंही त्यांनीं मान्य केलें होतें. सारें समजून दिलेला नकार होता तो. मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा अर्ज भरतांना 'कुठलीही पदवी असेना' असें म्हणणाऱ्या आईबापांनीं यावर जरा थांबून विचार करावा.

१९०५ मध्यें अमेरिकन मानसशास्त्र परिषदेनें बाईंना अध्यक्ष निवडलें. तेथवर पोंचलेली ती पहिली स्त्री. १९१८ मध्यें तत्त्वज्ञान परिषदेचेंही अध्यक्षपद त्यांना मिळालें. मानाच्या पदव्या कोलंबियानें व स्मिथनें दिल्या. १९२७ सालीं हार्वर्डच्याच कांहीं नामवंत माजी विद्यार्थ्यांनीं त्यांच्यासाठीं पुन्हां अर्ज केला, आणि तोही फेटाळला गेला.

१९२९ मध्यें बाई वेलस्लीहून निवृत्त झाल्या आणि १९३० च्या फेब्रुवारींत वारल्या. हार्वर्डच्या स्वतःच्या नांवाची पीएच. डी. स्त्रियांच्या हातीं पडूं लागली ती १९६३ सालीं.