चौकोनी घरांतला मोर
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



माझा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. पूर्वभागातल्या कारखान्यांसाठी मी तीस वर्षं चादरींची डिझाइनं काढली. कोणी विचारलं, ‘म्हणजे चित्रकार का?’, तर मी म्हणतो, ‘अर्धा चित्रकार, अर्धा फिटर.’

चादरीवरचा मोर आधी ग्राफपेपरवर उतरतो. कागदावरचं एक घर म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एक भेट. मोराची मान गोल, घरं मात्र चौकोनी. म्हणून मान पायऱ्यापायऱ्यांनी वळवायची. घरं बारीक केली तर वळण सुरेख दिसतं, पण खर्च वाढतो. एकच रंग लांबवर सलग ठेवला, तर धागा मोकळा लोंबतो आणि बांगडीत अडकतो. तिथं मध्येच तो बांधून घ्यावा लागतो. कागदावर लपलेली चूक मागावर उघडी पडते.

मग ग्राफच्या एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याचं कार्ड. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. ‘आहे’ किंवा ‘नाही’, एवढीच त्याची भाषा. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जकार्डनं १८०४ च्या सुमारास हा माग उभा केला. आपण त्याला ‘जेकॉर्ड’ म्हणतो. १८३९ मध्ये तिथल्या विणकरांनी जकार्डचंच चित्र रेशमात विणलं. त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. चार्ल्स बॅबेज ते चित्र लंडनच्या घरी पाहुण्यांना दाखवत, आणि पाहणाऱ्याला ते छापलेलं वाटे. आपल्या गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठी त्यांनी अशीच भोकांची कार्डं योजली होती. ते यंत्र पुरं झालं नाही, पण संगणकाच्या इतिहासात त्याचं नाव राहिलं.

आपल्या वेळी चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांनी हक्कानं मागून घ्यायचा तास! सर समोरच बसलेत, हसताहेत. पण सर, या शहरात चित्र आणि गणित एकाच मागावर बसून पोट भरत होते.

आता ग्राफ संगणकावर होतो, आणि हातानं रंगवलेले जुने कागद रद्दीत जातात. माझ्याकडचे सगळे मी शाळेला देतो आहे. विनंती एकच: आठवीच्या मुलांना वर्षातून एकदा चित्रकला आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून तास द्यावा. प्रत्येकानं चौकोनी घरांत गोल मान काढून बघावी. मोबाइलवरचा फोटो मोठा केला की कडेला पायऱ्या का दिसतात, हे त्यांना वेगळं शिकवावं लागणार नाही.