उशिरा आलेल्या स्वातंत्र्याचा दिवस



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजले आहे, त्या गुरुवर्यांना प्रथम अभिवादन करतो. अशा प्रसंगी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुट्ट्यांचा विषय मी का घेतला, असे आपल्या मनात आले असेल. राष्ट्राने कोणाचा दिवस आठवावा, या प्रश्नावर त्या देशात फार मोठा झगडा झाला आहे. आणि गोव्यात राहणाऱ्या आपल्याला तो प्रश्न परका नाही.

आपला ‘सण’ हा शब्द संस्कृत ‘क्षण’ या शब्दातून आला. इंग्रजी ‘हॉलिडे’ म्हणजे मुळात पवित्र दिवस. ठरावीक वेळ जपावी, ही भावना दोहोंत आहे. अमेरिकन काँग्रेसने मात्र १९६८ साली कायदा करून काही सुट्ट्या सोमवारी नेल्या. तीन दिवस सलग मोकळे मिळावेत, हा हेतू. १९७१ पासून तो अमलात आला. यादवी युद्धातील मृत सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहण्याचा ३० मे हा दिवस मेच्या अखेरच्या सोमवारी गेला. आज त्या सुमारास आर्लिंग्टनच्या दफनभूमीत थडग्याथडग्यापाशी छोटे ध्वज लागतात, आणि बाजारात सवलतीची विक्रीही जोरात असते. पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीची ११ नोव्हेंबर ही तारीखही, जी पुढे सर्व माजी सैनिकांचा दिवस झाली, ऑक्टोबरात हलवली गेली. ते मात्र लोकांना रुचले नाही. अनेक राज्यांनी जुनीच तारीख पाळली आणि १९७८ पासून ती देशभर परत आली. सोय मोठी खरी. पण काही तारखा सोयीसाठी हलत नाहीत.

सर्वांत थाटाचा दिवस ४ जुलै. मिरवणुका निघतात, अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजले जाते, रात्री आतषबाजी होते. १७७६ साली याच दिवशी स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला. परंतु त्यानंतर तब्बल ७६ वर्षांनी, ५ जुलै १८५२ रोजी, फ्रेडरिक डग्लस यांनी रोचेस्टर येथे भरसभेत विचारले की, गुलामाने या उत्सवात आपले काय मानावे? डग्लस स्वतः गुलामीतून निसटून आले होते. ज्या उत्सवासाठी त्यांना बोलावले होते, त्याच उत्सवाचा त्यांनी श्रोत्यांसमोर हिशेब मांडला.

१ जानेवारी १८६३ रोजी अब्राहम लिंकन यांनी बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त झाल्याचे घोषित केले. पण टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे सैन्याने ती मुक्ती जाहीर केली १९ जून १८६५ रोजी, म्हणजे सुमारे अडीच वर्षांनी. ही तारीख कृष्णवर्णीयांनी ‘जूनटीन्थ’ या नावाने जपली. १८७२ साली ह्यूस्टनमधल्या मुक्त झालेल्या लोकांनी वर्गणी काढून, केवळ हा दिवस साजरा करण्यासाठी, १० एकर जमीन घेतली. प्रार्थना, मुक्तीच्या आदेशाचे वाचन, सहभोजन आणि लाल रंगाची पेये, असा हा सण. टेक्सासने त्याला १९८० साली राज्याची सुट्टी केले. २०१६ साली ओपल ली या ८९ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका या मागणीसाठी फोर्ट वर्थहून वॉशिंग्टनच्या दिशेने चालू लागल्या. अडीच वर्षांच्या विलंबाची खूण म्हणून अडीच-अडीच मैलांचे टप्पे त्यांनी ठरवले होते. २०२१ साली तो दिवस संघराज्याची सुट्टी झाला.

मित्रहो, आपली कथाही आठवा. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. गोव्यात ते स्वातंत्र्य १९ डिसेंबर १९६१ रोजी पोहोचले. गुलामगिरी आणि परसत्ता यांची तुलना मी करत नाही. त्या यातनांची जात वेगळी. पण उशिरा पोहोचलेल्या स्वातंत्र्याला स्वतःची तारीख लागते, एवढे साम्य निश्चित आहे. आपण १५ ऑगस्टही मनापासून पाळतो आणि १९ डिसेंबरही. दुसऱ्या तारखेने पहिलीचे तेज उणे होत नाही. उलट, पहिलीचे वचन केव्हा पुरे झाले, ते दुसरी सांगते.

सुट्टी सरकार देते. तिचा सण लोकांना करावा लागतो. ह्यूस्टनच्या लोकांनी सरकारी मान्यतेची वाट पाहिली नाही, आधी जमीन घेतली. विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: येत्या १९ डिसेंबरला झेंडावंदन झाल्यावर लगेच घरी पळू नका. तो दिवस पाहिलेले एखादे वृद्ध माणूस आपल्या वाड्यावर अजून असेल. त्याच्यापाशी बसा आणि त्याचे बोलणे लिहून घ्या.